तिसऱ्या हिश्श्यापर्यंत

बड्या गणपतीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि वर एक लहानशी गच्ची एवढ्या त्या घरात दुपारचं जेवण सव्वाला होत असे, आणि ती वेळ पुष्करने कधी चुकवली नव्हती. परदेशीपुऱ्यातल्या बॅटरीच्या दुकानाचं शटर एक वाजता अर्धं पाडून तो स्कूटर काढायचा, कृष्णपुऱ्याच्या पुलावरून समाधीच्या छत्र्यांच्या बाजूने गर्दीतून वाट काढत यायचा, आणि आई कुकरचं झाकण काढते न काढते तोच त्याची पावलं जिन्यात वाजायची. मोठी बहीण संहिताताई तापाने गेल्यावरही तो सव्वालाच येत राहिला. फरक इतकाच होता, की आता स्वयंपाक तोच सकाळी उरकून जायचा. वरणभात आणि चार जाड पोळ्या. ताईने त्या बघितल्या असत्या तर म्हणाली असती, "हे काय रे, रिक्षाचे टायर लाटलेस का?"

आई ताटासमोर बसायची. भाताचा एक घास बोटांत घेऊन बराच वेळ मळत राहायची आणि मग तो परत ताटात ठेवून द्यायची. अर्धा कप चहा सकाळी, अर्धा संध्याकाळी. बाकी काही नाही.

ताईला तीन दिवस ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "पुष्कर, मला जरा दवाखान्यात घेऊन चल ना," आणि तो बूट घालता घालता म्हणाला, "एक बॅटरीची पेटी द्यायची आहे ताई. अकरापर्यंत येतो." तो आला साडेबाराला. डॉक्टर नंतर म्हणाले, तास-दीड तासाने काही फरक पडला नसता. डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणतात, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. आणि पुष्कर नववीत दोनदा नापास होऊन शाळेतून सुटला होता.

आता डॉक्टरीणबाई आईविषयी बोलत होत्या. दोन महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं होतं. "बॉडी आतून स्वतःलाच खातेय," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस बघू. खायला लागल्या नाहीत तर अ‍ॅडमिट करावं लागेल, आणि खरं सांगू का, मनानेच नाही म्हटल्यावर सलाइन किती दिवस पुरणार?" पुष्करने त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि तो कुठेतरी फेकून मारावासा वाटला म्हणून घाईने परत ठेवला. एकजण गेली होती. दुसरी डोळ्यांदेखत चालली होती. तिला वाचवायचं तर तिच्या पोटात घास जायला हवा होता. बाकी कशाशीच त्याला मतलब नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताई बॅटऱ्यांवर संशोधन करायची त्या लॅबमधली शमिका एक खोका घेऊन दुकानात आली. ताईच्या हाताखाली ती काम शिकत होती. दुकानात तेव्हा गेंदालाल बसला होता, ई-रिक्षावाला, आणि त्याचं नेहमीचं चाललं होतं.

"क्यों भिया, पेटी आज मिलेगी कि नी? दो दिन से गाड़ी खड़ी है. घरवाली बोल रही है तू भी वहीं दुकान पे बैठ जा, चार्ज होने."

"शाम को ले जाना. फुल करके दूँगा."

"फुल मतलब फुल. पिछली बार वो मालवा मिल वाले ने आधी भर के टिका दी थी, बीच चौराहे पे धक्का मारा मैंने, सवारी समेत."

शमिका उभीच होती. गेंदालाल तिच्याकडे आणि खोक्याकडे बघून उठला, आणि पुष्करच्या खांद्यावर एकदा हात ठेवून निघून गेला.

खोक्यात ताईचा कॉफीचा मग होता, तीन वह्या, लॅबमध्ये घालायच्या चपला, आणि एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत नाण्याएवढा एक चपटा सेल.

"बाकीचे सेल टेस्टरवर आहेत, ते लॅबचे," शमिका म्हणाली. "हा दीदींनी वेगळा ठेवला होता. मेलेला आहे, झिरो दाखवतो. पण पिशवीवर मराठीत लिहिलंय बघा. दीदी लॅबमध्ये एक अक्षर मराठीत लिहायच्या नाहीत. मला वाटलं, तुमच्यासाठी असेल."

पिशवीवर निळ्या पेनने लिहिलं होतं: फक्त तिसरा हिस्सा.

त्याला ते लगेच समजलं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ती दोघं देपालपूरच्या रस्त्याने एका लग्नाला चालली होती. स्कूटर पंक्चर झाली म्हणून शेताच्या कडेला थांबली, तेव्हा ताईने खाली वाकून जमिनीच्या भेगेत मनगटापर्यंत हात घातला होता. "ही आपल्या माळव्याची काळी माती," ती म्हणाली होती. "पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते आणि तडकते. पुढच्या पावसात भेग मिटल्यासारखी दिसते, पण आधीसारखी जुळत नाही. माझ्या सेलमधलं सिलिकॉन अगदी असंच आहे. चार्ज केलं की लिथियम पिऊन तिप्पट फुगतं, उतरलं की आकसतं, आणि तडकतं. प्रत्येक नव्या भेगेवर एक कातडी धरते. ती कातडी बनते लिथियमचीच. पुन्हा तडकलं की पुन्हा नवी कातडी. असं करत करत सगळं कातडीतच संपतं."

"मग वापरता कशाला असलं?"

"कारण बाकीच्यांपेक्षा दहापट पितं. हावरट आहे, तुझ्यासारखं. म्हणून त्याला पोटभर द्यायचंच नाही. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरायचं आणि हात आवरायचा. मग वर्षानुवर्षं टिकतं."

"तिसरा हिस्सा भरून दिला तर गेंदालाल मला त्याच पेटीने मारेल," तो म्हणाला होता, आणि ताई हसता हसता त्या तापलेल्या मातीवर बसलीच होती.

शमिका गेल्यावर त्याने सेल हातात घेतला. मेलेला सेल जागवायची दुकानदारांची एक रीत असते. लॅबची यंत्रं झिरो बघून त्याला हातच लावत नाहीत. दुकानात मात्र एखाद्या भरलेल्या सेलच्या तारा क्षणभर त्याला टेकवायच्या, जिवंताचं थोडं मेलेल्यात उतरतं, आणि मग चार्जर त्याला ओळखतो. पुष्करने तसंच केलं. का केलं हे त्याला सांगता आलं नसतं. ताईच्या हाताने बनलेली वस्तू मेलेली पडून राहावी हे त्याला सहन झालं नाही, इतकंच. मीटरचा काटा हलला. बारीक सेल तपासायच्या चार्जरवर त्याने तो दुसऱ्या दिवशी सकाळी लावला आणि दोन तासांनी, अंदाजाने तिसरा हिस्सा भरला असेल तेव्हा, काढला. मग त्याला एक लाल दिवा जोडला, मोहरीएवढा. एक वाजता निघताना तो दिवा टेबलावर जळत होता.

घरी आल्यावर त्याला आईचं ताट रिकामं दिसलं.

रिकामं म्हणजे जेवून रिकामं. कडेला लोणच्याचा तेलकट डाग होता. मोरीपाशी आणखी एक ताट धुऊन पालथं घातलेलं होतं, आणि त्यावरून पाणी अजून निथळत होतं.

"जेवलीस?" तो म्हणाला.

"संहिताने आग्रह केला," आई म्हणाली. तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी घशातून नीट निघाला होता. "म्हणाली, तू बसलीस तर मी बसेन. मग काय करते?"

तो खाली बसला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, असं कधी कधी होतं, तोडायचं नाही, हो म्हणायचं. त्याने हो म्हटलं. "कुठे आहे आता?" हे मात्र त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"गच्चीवर. केस वाळवतेय."

तो वर गेला. गच्चीवर उन्हाशिवाय कोणी नव्हतं. दोरीवर ताईचा पिवळा टॉवेल होता, जो तिच्या कपाटात घडी करून ठेवला होता, आणि त्याच्या टोकातून थेंब थेंब पाणी खाली पडत होतं. त्याने स्वतःला समजावलं, की आईने धुतला असेल.

चारला तो दुकानात परतला तेव्हा दिवा विझलेला होता. संध्याकाळी आई पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिने चहाही घेतला नाही.

चार दिवस त्याने सेल भरला, चार दिवस नाही भरला, मग पुन्हा भरला. हिशेब करायला त्याला वही लागली नाही. दिवा जळत असला की आई जेवायची. दिवा नसला की घास मळत बसायची. ज्या दिवशी जेवायची त्या दिवशी कणीकही तीच मळायची, आणि पुष्करच्या टायरांऐवजी ताटात पातळ, मऊ पोळ्या यायच्या. मधेच ती पदराला हात पुसत आतल्या खोलीकडे बघून म्हणायची, "हो गं, आणते, आणते." तिथे कोणी नसायचं. एकदा मात्र तो जिन्यात असतानाच त्याला वर दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं. शब्द नव्हते, शेजारच्या घरात कोणी बोलत असावं तसा नुसता सूर. तो धावत चढला आणि सूर थांबला.

तीन आठवड्यांत आईचं वजन दोन किलो वाढलं. डॉक्टरीणबाईंनी त्याची पाठ थोपटली. "काय जादू केलीत?" त्या म्हणाल्या. हे असंच चाललं असतं. सेलचं काही बिघडत नव्हतं; रोज दोन तास पीत होता आणि रोज तेवढंच देत होता. ताईचं सांगणं खरं होतं.

पण पुष्करला झोप लागत नव्हती. आईला ती दिसत होती, आईशी ती जेवत होती, आणि तो, ज्याने तिला साडेबारापर्यंत थांबवलं होतं, त्याच्या वाट्याला नुसता ओला टॉवेल होता. त्याला तिच्याशी एकदाच बोलायचं होतं. काय बोलायचं होतं तेही ठरलेलं होतं. दोनच शब्द होते. आणि बारा वर्षं ज्या हातांनी प्रत्येक पेटी काठोकाठ भरल्याशिवाय गिऱ्हाइकाला दिली नव्हती, त्या हातांना दोन तासांनी तार काढणं रोज जड जात होतं. अर्धवट भरलेली वस्तू दुकानातून बाहेर जाते आहे, असंच त्यांना वाटायचं. डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी त्याने तार काढली नाही. सातलाच येऊन लावलेला सेल एक वाजता भरला, पूर्ण सहा तास पिऊन. चार्जरचा हिरवा दिवा लागला. पुष्करने लाल दिवा जोडला, आणि त्या दिवशी तो मोहरीएवढा दिवा इतका भडक जळायला लागला, की त्याच्याकडे बघवेना.

ताई गच्चीवर होती.

पाठमोरी बसली होती, पायरीवर, उन्हात केस मोकळे सोडून. पाठीवर कुडता ओला झाला होता. तिच्या डाव्या कोपराजवळचा भाजल्याचा डाग, जो तिला दुकानातच पुष्करच्या सोल्डरिंगने झाला होता, तो होता. तिची सावली भिंतीवर पडली होती. तो दाराशीच उभा राहिला.

"आलास?" ती मागे न बघता म्हणाली. "अकरा वाजले का रे?"

त्याचे दोन शब्द कुठे गेले ते त्याला कळलं नाही. खालून आईने हाक मारली, "चला गं, गार होतंय," आणि तो क्षणभर जिन्याकडे वळला. परत बघितलं तेव्हा पायरीवर फक्त पाण्याचा ओलावा होता, आणि खाली आई कोणाशी तरी हसत होती.

तो खाली आला. आईने त्याला ताट वाढलं आणि जेवणानंतर चहा दिला. चहा गोड होता. पुष्कर लहानपणापासून बिनसाखरेचा चहा पीत आला होता. गोड चहाने त्याला मळमळायचं आणि आईला ते सगळ्यात जास्त माहीत होतं. त्याने तो तसाच पिऊन टाकला. आई आनंदात होती.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा दोनच तास भरला. घाबरला होता तो. पण त्या दिवशी आई जेवली नाही. कान देऊन बसली, जसं दूरवर कोणी हाक मारतंय आणि नीट ऐकू येत नाहीये. "बोलते आहे, पण समजत नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिसऱ्या हिश्श्याने आता भागत नव्हतं. त्याने पुन्हा पूर्ण भरला, आणि त्याला दिसलं की यावेळी सेल सहा तासांनी नाही, पाच तासांनीच भरला.

बॅटरीचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा: लवकर भरायला लागलेली पेटी बघून गिऱ्हाईक खूश होतं आणि मिस्त्री ओळखतो, की ती संपत आली.

त्याने शमिकाला फोन केला. सेल मेलेला नव्हता, चालतोय, एवढंच सांगितलं. बाकी सांगण्यासारखं नव्हतं.

"फुल केलात?" ती म्हणाली. "अहो पुष्करजी, पिशवीवर लिहिलं होतं ना."

"केला. आता काय होईल?"

"तडकला असणार. आतल्या आत. नव्या भेगांवर नवी कातडी, आणि तिच्यात लिथियम अडकतं. आता परत कमी भरलात तरी जुनं येणार नाही. भेग उलटी जात नाही."

"अडकतं म्हणजे जातं कुठे?"

"जात कुठेच नाही. सेलच्या आतच असतं. फक्त कामाचं राहत नाही. आणि ते सिलिकॉनचं स्वतःचं नसतं ना. दुसऱ्या बाजूकडून आलेलं असतं. म्हणजे इकडे जेवढी कातडी वाढेल, तेवढी दुसरी बाजू रिकामी होत जाते. शेवटी सिलिकॉन तिथेच असतं, तुकड्या तुकड्यांत, आणि दुसऱ्या बाजूकडे द्यायला काही उरत नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी येऊन बघू का? दीदींचा शेवटचा सेल आहे तो."

"नको," पुष्कर म्हणाला.

जानेवारीत थंडी वाढली. आई आता पूर्ण जेवत होती. गालांवर मांस आलं होतं, साडी नीट नेसायची, शेजारच्या कुमुदिनीकाकूंकडे हळदीकुंकवाला जाऊन आली. सगळे म्हणायचे, मुलाने आईला मरणाच्या दारातून ओढून आणलं. सेल चार तासांनी भरायला लागला, मग अडीच तासांनी.

एका दुपारी जेवताना आई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू कोणत्या शाळेत होतास रे?"

"तुझ्याच," तो म्हणाला. ती त्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवत होती. त्याच्या नापासाच्या निकालावर तिनेच सही केली होती, आणि घरी येऊन त्याच्याआधी तीच रडली होती.

"असेल," ती म्हणाली. "इतकी मुलं होती."

मग एकदा जिना चढताना त्याला वर कुमुदिनीकाकूंचं बोलणं ऐकू आलं. "आता मुलाचं लग्न करून टाका. घरात सून आली की बरं वाटेल." आणि आईचं हसणं, आणि तिचा स्वच्छ, शिक्षिकेचा आवाज: "अहो, मुलगा कुठला? मला एकच. संहिता." खाली उतरताना जिन्यात त्यांनी पुष्करला बघितलं, आणि डोळ्यांना पदर लावून भिंतीला अंग चोरत निघून गेल्या.

त्या दिवशी दोनच ताटं होती. तो बसल्यावर आई जराशी गोंधळली. मग तिने डब्यातून तिसरं काढून पुसलं. "बसा ना, बसा," ती म्हणाली. "थोडं जास्तच आहे."

जेवून तो वर गेला, तेव्हा गच्चीच्या दारातून ताईची पाठ दिसत होती. ती आता कोणत्याही गोष्टीला त्याच्याकडे वळत नव्हती. त्याने हिंमत करून हाक मारली, "ताई." तिने मान तिरकी केली, जसं गल्लीत कोणी दुसऱ्याच कोणाला हाक मारावी आणि आपण उगीच ऐकावं. केस मात्र विंचरत राहिली.

त्या संध्याकाळी पुष्करने सेल कापडात गुंडाळून टेबलाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. तो रागावला होता. कोणावर ते त्याला ठाऊक नव्हतं. दोन दिवस त्याने खण उघडला नाही. पहिल्या दिवशी आई दारात बसून राहिली. "उशीर झाला तिला," म्हणत होती. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. त्याने चमच्याने पाणी तोंडात घातलं, ते ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. तिने डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत ओळखही नव्हती, रागही नव्हता. आपल्या घरात एक अनोळखी माणूस आपल्याला पाणी पाजतो आहे आणि आपली मुलगी कुठे आहे हे कोणी सांगत नाही, एवढीच भीती होती. संध्याकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. नाडी बघितली, बीपी बघितलं. उद्या सकाळी दवाखान्यात हलवा म्हणाल्या. "एकदम कसं काय?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

पुष्कर भिंतीला टेकून बसला. आई परत यायची तर कशी, याचा त्याने विचार करून बघितला. खण बंद ठेवला तर ती त्याला ओळखेल का? दोन दिवसांत ओळख तसूभरही परत आली नव्हती. भेग उलटी जात नाही. आणि ओळखण्यासाठी ती उरायला तर हवी. साध्या गोष्टी त्याला नेहमी उशिरा समजायच्या. ही वेळेवर समजली. एकदा त्याने पेटी पोचवण्यासाठी एका माणसाला थांबवलं होतं. यावेळी थांबायचं नव्हतं.

सकाळी साडेसहालाच त्याने दुकान उघडलं. गल्लीत पोह्यांच्या गाडीवर वाफ निघत होती आणि गेंदालाल समोरून ओरडला, "क्या भिया, आज सूरज को उठाने आए हो क्या?" पुष्करने हात केला. त्याने खण उघडला, सेल काढला, तारा लावल्या. हिरवा दिवा वीस मिनिटांत लागला.

त्याने सेल तळहातावर घेतला. कोमट होता. बाहेरून एक ओरखडाही नव्हता. त्याने लाल दिवा जोडला, शटर खाली ओढलं, आणि स्कूटर काढली.

कृष्णपुऱ्याच्या पुलावर ऊन नुकतंच येत होतं. तो इतक्या जोरात कधी आला नव्हता. जिना त्याने दोन दोन पायऱ्या टाकत चढला, आणि वर येऊन थांबला. दार लावलेलं होतं. आतून फोडणीचा वास येत होता, भांड्यांचा आवाज येत होता, आणि आईचं हसणं. खणखणीत, निरोगी, वर्षापूर्वीसारखं.

त्याने कडी वाजवली.

दार आईने उघडलं. हाताला पीठ लागलेलं होतं, कपाळावर घाम होता, गालांवर रंग होता. काल जिच्या तोंडातून पाणी बाहेर येत होतं तीच ही. पुष्करला रडू आलं आणि त्याने ते गिळलं.

"कोण पाहिजे, भिया?" ती म्हणाली.

तो काहीतरी म्हणायला गेला. तिच्या चेहऱ्यावरचा निर्धास्तपणा बघून त्याने ते बदललं. "पाणी मिळेल का जरा?"

"हो हो, का नाही."

ती आत गेली. आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला, अगदी स्पष्ट, हाताच्या अंतरावरून यावा तसा. "कोण आहे गं आई?"

"कोणी नाही गं. पाणी मागतंय कोणी. तू बस, पोळी गार होईल."

आई पेला भरून घेऊन आली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली, पेला परत घ्यायला. पुष्करने एक घोट घेतला. मग थांबून आणखी एक. पाणी माठातलं होतं, दातांना गार लागत होतं. त्याने ते जमेल तितकं हळू प्यायलं. ती घाई करत नव्हती. मुलांना शिकवलेल्या बाईच्या सवयीने ती त्याच्याकडे बघत होती, मायेने, जशी ती कोणाकडेही बघायची.

"सावकाश प्या," ती म्हणाली. "इतक्या सकाळी बाहेर पडलात. घरी आई वाट बघत असेल तुमची."

पुष्करने मान हलवली, आणि रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.